आवडाबाईचं बॅनर

अनसिंगच्या आठवडी बाजारात पालेभाजीवाल्या बायांची एक रांग बसते. स्टँडकडून आत शिरलं की पहिली जागा आवडाबाईची होती. होती असं लिहितो, कारण आता नाही. बाई जिवंत आहे, ठणठणीत आहे, तोंड तर आधीपेक्षा जास्त चालतं. जागा तेवढी गेली. ती कशी गेली हे गावात तीन तऱ्हेनं सांगतात आणि तिन्हीत मी चांगला माणूस आहे. ते खोटं आहे, म्हणून लिहायला बसलो.

ज्यानं कधी मेथी विकली नाही त्याला जागा म्हणजे काय ते समजायचं नाही. पहिल्या जागेमागे एका जुन्या गोदामाची भिंत आहे आणि भिंतीवरून पुढे आलेलं टिनाचं छप्पर. दहा वाजल्यापासून ऊन रांगेवर चढत जातं, त्या चार हाताच्या तुकड्यावर मात्र चढत नाही. वांगं उन्हात दिवसभर तग धरतं, भोपळ्याला तर काही वाटतच नाही. पालक तासाभरात फडक्यासारखा लोळतो. मग अकरा वाजता गिऱ्हाईक जुडी दोन बोटांत धरून वर उचलतं, नाक मुरडतं आणि पुढे जातं. आवडाबाईचा अर्ध्या एकराचा मळा नाल्याकाठी. नवरा चंपत वारला, एकुलती लेक रिठदला दिली, त्यानंतर बाई एकटीच मळा ओढत होती. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आंबटचुका. दुसरं काही नाही. सावली होती म्हणून हे जमत होतं.

आणि ही सावली कोणी तिला दिलेली नव्हती. या रांगेत कोणाच्या नावाचा कागद नाही. ग्रामपंचायतीचा माणूस पावती फाडतो, पण कोण कुठे बसतं ते त्याच्या वहीत नाही. रांगेचा कायदा रांगेचाच. जित्या बाईच्या जागेवर कोणी बसायचं नाही, मग ती बाळंतपणाला जावो की दवाखान्यात. बाई मेली तर पुढच्या बाजारी तिच्या जागेवर नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं आणि सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं. शेवटची जागा नाली आणि कोंबडीच्या दुकानाच्या मधली. नवी बाई तिथून सुरू करते. आवडाबाई तिथूनच आली. रांग नऊ जणींची. आठ बायांच्या नारळाचं खोबरं खाल्लं तेव्हा ती सावलीत पोचली, त्याला एकोणीस वर्षं लागली. सावलीत बसून तिला बारा वर्षं झाली होती.

आता पोट्ट्यांकडे येतो.

वाशिमच्या एका कॉलेजची तीन पोरं माझ्याकडे आली. हर्षल दिग्दर्शक, अंकुर कॅमेरावाला आणि तनुजा पोस्टर करणारी. अमरावतीला कॉलेजांची लघुपट स्पर्धा होती, दहा मिनिटांचा सिनेमा करायचा होता. मोर्चे काढतो म्हणून गावात मला भाऊ म्हणतात, त्यांनी मला असल्याच कुठल्यातरी मोर्चात माईक धरलेला पाहिलं होतं. हर्षल म्हणाला की त्यांना खराखुरा चेहरा पाहिजे, नट नको. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस. कॉलेजची पोरं आपल्या ओट्यावर बसून आपल्याला दादा म्हणतात म्हटल्यावर छाती जरा वर आली. म्हटलं, चला, चेहरा दाखवतो.

आवडाबाईनं पहिल्यांदा त्यांना हाकललंच. "मेथी घ्याची असन तं घ्या, नाईतं बाजूले व्हा. गिराईक अडून राह्यलं." अंकुर तेवढ्यात फोटो काढून मोकळा झाला. फोटो पाहून हर्षलचा आवाज बदलला. चेहऱ्यावर नदीचे ओहळ आहेत, असलं काहीतरी बोलला. बाईनं मला विचारलं, हे काय म्हणून राह्यलं. मी सांगितलं, तुझं तोंड मोठ्या पडद्यावर दिसणार, गावाचं नाव होणार. तिच्या लेकीची लेक वैष्णवी बारावीला आहे, तिच्या मैत्रिणी बघतील. वैष्णवीचं नाव काढलं तशी बाईनं त्यांना हाकलणं थांबवलं. तिला बाटलीत उतरवलं ते मीच. पोरांना ते जमलं नसतं.

गोष्ट हर्षलनं वहीत लिहिली होती, पानभर चौकोन आखून प्रत्येकात एकेक चित्र. म्हातारी भाजीवाली बाजारात बसल्या बसल्या मरते आणि संध्याकाळपर्यंत कोणाला समजत नाही. नाव 'शेवटचा बाजार'. माझ्या घरी चहावर ती वाचून दाखवली तेव्हा आवडाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"असं कुठं असते का बाप्पा? बाजारात बाई मेली अन् कोनाले समजलं नाई? भाव करनारी तं मेलेलीसंगही भाव करते."

हर्षल म्हणाला, आजी, ते प्रतीक आहे. बाईनं प्रतीक ऐकून घेतलं, पण एक अट घातली. आपल्या जागेवर ती मरणार नाही. बाजारात बसून मरायचं नाटक म्हणजे अवदसा बोलावणं. तसंही खऱ्या बाजारात गलका होता आणि जो तो कॅमेऱ्यात डोकावत होता. म्हणून पोरांनी कॉलेजच्या मैदानात ताडपत्री टाकून, टोपल्या मांडून खोटा बाजार उभा केला. भाड्याचा कॅमेरा एकाच दिवसासाठी मिळत होता आणि तो दिवस नेमका बाजाराचा निघाला. आवडाबाईनं रांगेत निरोप ठेवला की या खेपी येत नाही. रांगेनं तिची जागा रिकामी ठेवली. कायद्यानं.

त्या दिवशी तिला चौदा वेळा मारलं. मी मोजलं, कारण मी तिथेच सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. बाई उन्हात कलंडायची, अंकुर कॅमेऱ्यातून बघायचा, हर्षल म्हणायचा, आजी, अजून एकदा, या वेळेला हात मोकळा सोडा. घाम खरा पाहिजे म्हणून छत्री धरू दिली नाही. दुपारी पोरं पाळीपाळीनं जेवून आली, बाईला पाणी विचारायचं सगळ्यांच्याच लक्षातून गेलं. माझ्याही. संध्याकाळी मळ्यात पोचल्यावर तिला उलट्या झाल्या, रात्री ताप चढला. सकाळी लेक ऑटो घेऊन आली आणि उचलून रिठदला घेऊन गेली. बाईला मानही धरवत नव्हती. फोन मळ्यातल्या खोलीत खुंटीला राहिला, दाराला कुलूप.

पोस्टरवरून पोरांत भांडण झालं, तेही माझ्या ओट्यावर. तनुजानं आधी एक पोस्टर केलं होतं. हिरवीगार मेथी, मातीनं भरलेले हात आणि कोपऱ्यात नाव. मला ते आवडलं होतं, पण बोललो नाही. हर्षलनं ते एका बोटानं मोबाइलवरून सरकवलं. म्हणाला, हे बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर झालं. त्याला काळंपांढरं पाहिजे होतं. मधोमध नुसता चेहरा सरळ बघणारा, आजूबाजूला मोकळी जागा, खाली बारीक अक्षरं. परदेशात असंच करतात.

तनुजा कामरगावची. तिच्या वारलेल्या काकाचं बॅनर दोन महिन्यांपूर्वीच त्यांच्या चौकात लागलं होतं. ती म्हणाली, "आपल्याकडे असं बॅनर कायचं असते, माहीत हाये नं तुले?"

हर्षल हसला. कामरगावची नजर आहे तुझी, म्हणाला. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण हर्षल मला दादा म्हणत होता आणि मला परदेशातलं समजतं असं त्याला वाटावं, असं मला वाटलं. म्हटलं, काळंपांढरंच ठेवा, वजन येते. तनुजानं मान खाली घालून तसं करून दिलं.

मजकूर असा होता. वर 'शेवटचा बाजार'. मधे आवडाबाईचा चेहरा, खाली तिचं नाव. त्याखाली तारीख, सकाळी अकरा वाजता, समाजमंदिर, अनसिंग, आपली उपस्थिती प्रार्थनीय. स्पर्धेआधी सिनेमा गावात दाखवायचा होता.

फ्लेक्सचं दुकान हेमसिंगचं. माणूस भला, काम कोणाचंही अडवत नाही. वर्षभर वाढदिवस छापतो आणि श्रद्धांजल्या छापतो, त्याच्या कॉम्प्युटरला तिसरं काही माहीत नाही. एवढी मोकळी जागा पाहून त्याच्या जिवाला बरं वाटलं नाही. गिऱ्हाइकाचं काम उघडंबोडकं कसं द्यायचं, म्हणून त्यानं आपल्या मनानं खाली दोन्ही बाजूंना दोन समया टाकल्या आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. अंकुरनं चौकात बॅनर बांधताना ते पाहिलं, त्याला भारी वाटलं. मीही संध्याकाळी त्याखालून गेलो. समया दिसल्या. मनात आलं, चांगली सजावट केली. बाई जिती आहे हे मला माहीत होतं, म्हणून मला ते सिनेमाचंच बॅनर दिसलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना जे दिसायचं तेच दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. रांगेतल्या दोघी सकाळीच मळ्यात जाऊन आल्या. दाराला कुलूप. शेजारच्या मळेवाल्यानं डोळ्यानं पाहिलेलं सांगितलं की लेकीनं उचलून ऑटोत टाकलं, मान लटकत होती. एवढं पुरे झालं. नावाआधी कैलासवासी लिहिलेलं नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. रांगेतल्या दोघीच वाचणाऱ्या, त्यांच्या डोळ्यांना धार लागलेली. दुसऱ्या जागेवरची प्रयागबाई तर भिंतीवर डोकं आपटून रडली. वीस वर्षं दोघींनी एका डब्यात भाकरी खाल्ली होती. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. दुपारपर्यंत जागा रिकामी ठेवली. मग नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि रांग सरकली. प्रयागबाई सावलीत आली. तिच्या मागची रुपाबाई दुसऱ्या जागेवर, तिथे अकरापर्यंत तरी भिंतीची आड मिळते. शेवटची गंगू नालीपासून एक हात दूर झाली. आठही जणींचं काही ना काही भलं झालं.

मी त्या दिवशी मंगरुळपीरला उपोषणाला बसलेल्यांसाठी भाषण करत होतो.

सिनेमाच्या दिवशी समाजमंदिर भरलं. खुर्च्या कमी पडल्या. हर्षल हरखून गेला, कारण वाशिममध्ये त्याच्या कामाला मित्रसुद्धा येत नव्हते. माणसं खांद्यावर पंचे टाकून आलेली, बाया डोक्यावरून पदर घेऊन खाली बसलेल्या. दहा मिनिटं पडद्यावर आवडाबाई मेली. एकही शिटी नाही, एक मूल रडलं नाही. मग बायांमधून हुंदका आला, एकीचा, मग पाचसहा जणींचा. अंकुरनं पटकन मोबाइल काढून रडणारे चेहरे टिपले. हर्षलनं माझा हात दाबला आणि म्हणाला, "दादा, ऑडियन्स रडली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून रामराव उठला. सगळ्या तेरव्या जेवणारा माणूस. त्यानं मला विचारलं, "पंगत अठीच हाये का मळ्यात?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुढे होऊन माईक घेतला आणि सांगितलं की आवडाबाई जिवंत आहे, रिठदला लेकीकडे आहे, हा सिनेमा होता. माझा आवाज चढला, चढतोच. तुमची अक्कल कुठे गेली, बॅनर वाचता येत नाही का, असं बोलून गेलो. लोक चिडले. जितीच्या नावानं समया लावता अन् आमाले अक्कल शिकवता, असं कोणीतरी म्हणालं आणि बरोबर म्हणालं. रामराव जाता जाता पुटपुटला की निदान बुंदी तरी पाहिजे होती. त्यावर बाहेर बराच वेळ हसणं चाललं.

त्यानंतरच्या बाजाराला आवडाबाई स्वतः आली. सकाळी सात वाजता, डोक्यावर टोपलं, अंग अजून उतरलेलं. आदल्या संध्याकाळी लेकीनं मळ्यात आणून सोडलं होतं आणि दोघींनी अंधार पडेपर्यंत मेथी उपटली होती. मी मुद्दाम हजर होतो.

प्रयागबाईनं तिला पाहिलं आणि उठून मिठी मारली. तिचे हात चाचपले, गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. रांगेतल्या सगळ्या जणी गोळा झाल्या. खोट्या मरणाची बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं सगळं गाव मानतं, तेच जी ती तिला सांगत होती. कोणी चहा आणला. प्रयागबाईनं बशीत ओतून आपल्या हातानं पाजला. चहा संपला. आवडाबाईनं टोपलं उचललं आणि म्हणाली, "सरक आता."

प्रयागबाई सरकली नाही. पदरानं डोळे पुसत खाली बसली, आपल्या नव्या जागेवर.

"नारळ फुटला, बाई," ती म्हणाली.

"मी मेली नाई."

"दिसते मले. पन नारळ तं फुटला. तू काई एकट्या माह्यापाशी मागून राह्यली का? मी सरकली तं रुपा सरकन, रुपा सरकली तं तिच्या मांगची. आठ जनी माघारी कोन नेईन? अशुभ असते माघारी सरकनं."

"वीस वर्स माही भाकर खाल्ली तुनं."

"खाल्ली. तुही आठवन काढून रडलीही. तुले नाई तं कोनाले रडली मी?"

आवडाबाईनं एकेकीकडे पाहिलं. रुपाबाई जुड्या बांधत होती, बांधलेल्याच सोडून पुन्हा बांधत होती. गंगू नालीकडे पाठ करून बसली होती. मला तिथे राग आवरला नाही. मी पायानं जमिनीवर रेघ ओढली आणि ओरडलो की ही सगळी रांगच बेकायदा आहे, कोणाकडे कागद नाही, मी पंचायतीत अर्ज टाकतो, मग बघा कोण कुठे बसतं. खूप बोललो. आजूबाजूला माणसं जमली, माझ्या बोलण्याला माना डोलावत होती. मला वाटलं, जिंकलो.

अर्ज मी टाकलाच. पुढच्या बाजारी पंचायतीचा माणूस आला आणि रांगेला सांगून गेला की तक्रार आली आहे, जास्त झालं तर सगळ्यांना उठवू आणि जागांचा लिलाव करू. आठ बायांचा जीव टांगणीला लागला. अर्ज मी मागे घेतला, पण त्यानंतर रांग दगड झाली. तोवर दोघीतिघी मनातून वरमल्या होत्या. आता त्यांना आवडाबाईचं वाईट वाटायचं कारण उरलं नाही. तुह्या भाऊनं आमाले उठवलं असतं, एवढं एक वाक्य त्यांना मिळालं आणि ते मी दिलं.

आवडाबाई मला म्हणाली, पोट्ट्यांकडे चल. मी तिला वाशिमला नेलं. कॉलेजच्या फाटकात ती दीड तास उभी राहिली, कारण आतल्या बाकावर बसायला तिला वॉचमननं मना केलं. हर्षल आला. तिनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, बाजाराच्या दिवशी यायचं आणि रांगेपुढे उभं राहून सांगायचं की चूक आमची, बाईची नाही. तो म्हणाला, आजी, नक्की, फक्त स्पर्धा होऊ द्या. मग त्यानं मला बाजूला घेतलं. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, दादा, हाच तर खरा सिनेमा आहे, जागा मागताना आजीला शूट केलं तर दुसरा भाग होतो, तुम्ही त्यांना तयार कराल का. मी त्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती. मी म्हटलं, बघतो.

त्या संध्याकाळी त्यानं स्टेटस ठेवलं. बॅनरचा फोटो आणि खाली, 'आमच्या पोस्टरची ताकद, गावानं खरं मानलं'. त्यावर टाळ्या वाजवणारे हात किती आले ते वैष्णवीनं आजीला मोबाइलवर दाखवलं. वैष्णवीच्या वर्गात तिला पोरी भुताची नात म्हणत होत्या. अमरावतीत सिनेमाला काही मिळालं नाही, पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी समयांचं विशेष कौतुक केलं, लोकजीवनातला मृत्यू फार नेमका पकडला म्हणे. प्रमाणपत्रावर हर्षलचं नाव. तनुजाचं नव्हतं, हेमसिंगचं तर नव्हतंच. हर्षल बाजारात आला नाही.

तनुजा आली. एकटी, बसनं, दोनदा गाडी बदलून. रांगेसमोर उभी राहून तिनं हात जोडले आणि सगळं सांगितलं. पोस्टर मी केलं, मला माहीत होतं तरी केलं, आजी जिवंत आहे, त्यांची जागा त्यांना द्या.

प्रयागबाईनं तिला पाणी दिलं. "बाई, ते जिती हाये हे आमाले तू कायले सांगतं? आमी दर बाजारी पाह्यतो तिले. आमाले का दिसत नाई?" आणि मेथीची एक जुडी तिच्या पिशवीत टाकली, लांबून आली म्हणून.

तनुजा नालीपर्यंत जाऊन आवडाबाईच्या पाया पडली. आवडाबाईनं तिला उठवलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला पालक देत राहिली.

म्हणजे ती शेवटच्या जागेवर बसली होती. नवव्या. एकतीस वर्षांपूर्वी जिथून सुरू केलं तिथे. उरलेला हिवाळा निभला. फाल्गुन लागला तशी दहा वाजताच तिची भाजी माना टाकायला लागली. ओलं गोणपाट टाकलं, पाणी शिंपडलं, काही होईना. कोंबडीच्या दुकानातली पिसं उडून पालकात अडकायची. वरून टवाळ पोरं विचारायची, आजी, तिकडच्या बाजारात भाव काय चालू आहे. एकदोन म्हाताऱ्या तर तिच्या हातची भाजी देवाच्या नैवेद्याला चालते का, असं मला गंभीरपणे विचारून गेल्या. तिनं मेथीचे दोन वाफे मोडून भोपळा लावला, पण भोपळ्याला वेळ लागतो, मधले महिने काय विकायचं. मी तिला म्हटलं, वाशिमच्या बाजारात प्रयत्न करू. ती म्हणाली, "तू आता काई करू नको, हरीओम." इतकं शांतपणे म्हणाली की मला शिवी बरी वाटली असती.

चैत्रात गंगू आजारी पडली. आठव्या जागेवरची, वयानं सगळ्यांत लहान. पोटात गाठ निघाली, अकोल्याला ऑपरेशन झालं. पहिल्या बाजारी तिची जागा रिकामी राहिली. आठवी जागा म्हणजे काही सावली नाही. फक्त कोंबडीवाल्याच्या पाटीची तिरपी आड पडते, सकाळचा तासभर.

दुसऱ्या बाजारी मी गेलो तेव्हा आवडाबाई आठव्या जागेवर बसली होती. टोपलं मांडून, गोणपाट अंथरून. मी जवळ जाऊन हळूच विचारलं की गंगूचं काही बरंवाईट झालं का. ती म्हणाली, मले का माहीत. मी म्हटलं, नारळ फुटला नाही अजून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"माह्या वेळी कोन थांबलं व्हतं खरं-खोटं पाह्याले?"

रांगेत सगळ्यांनी पाहिलं, कोणीही हटकलं नाही. हटकायचं तर आधी प्रयागबाईला उठावं लागलं असतं. तीस-चाळीस वर्षांचा कायदा त्या सकाळी मोडला आणि त्याचा आवाज झाला नाही.

गंगू तिसऱ्या बाजारी आली. टाके ओले होते, एक हात पोटावर, दुसऱ्यानं डोक्यावरचं टोपलं धरलेलं. आपल्या जागेपुढे येऊन उभी राहिली. आवडाबाई पालक मोजून देत होती. गंगू म्हणाली, मावशे. मावशीनं पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, सांबार पाहिजे का. गंगूनं एकदा रांगेवर नजर टाकली, एकदा माझ्यावर. मी मोर्चे काढणारा माणूस. कोणाच्या बाजूनं बोलणार होतो?

गंगूला टोपलं जास्त वेळ डोक्यावर धरवेना. ती नालीजवळ गेली, पायानं पिसं बाजूला केली आणि उन्हात बसली.